आत्या, ती काटाच काढत होती

प्रिय हौसाआत्या,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. हॉस्टेलवरून माझी पत्रं यायची ती दादांच्या, तुझ्या भावाच्या नावानं. शेवटी एक ओळ असायची, "आत्याला नमस्कार." दादा ती तुला वाचून दाखवायचे आणि तू म्हणायचीस, "बास? येवढंच?" हे मला दादांनीच नंतर सांगितलं. तुला जाऊन आता बारा वर्षं होत आली. आता मधे वाचून दाखवणारं कोणी लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या गुरुवारी टॉकीज पाडली.

सकाळी नऊची वेळ दिली होती. मी साडेआठलाच जाऊन उभी राहिले, माझी सवय तुला माहीत आहे. बघ्यांची ही गर्दी! पिक्चरला नसेल इतकी. जो तो मोबाइल वर धरून उभा. एकानं मला विचारलं, "बाई, तुमी न्हाई का व्हिडिओ काढायल्या?" मी म्हटलं, "मला डोळे आहेत." तो दुसरीकडे जाऊन उभा राहिला.

आधी वरची ऑपरेटरची खोली गेली. मग बाल्कनी. पत्रे आधीच उतरवून नेले होते. सगळ्यात शेवटपर्यंत उभी राहिली ती जनान्याची भिंत. बायकांची जागा पुरुषांपासून वेगळी करणारी, माणसाच्या खांद्याएवढी ती बुटकी भिंत! तिच्या दाराकडच्या टोकाला, जिथं तुझं स्टूल असायचं तिथं, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक काळपट गोल डाग होता. तुझ्या डोक्याच्या तेलाचा. त्या भिंतीला मधल्या काळात किती वेळा चुना मारला असेल? डाग प्रत्येक वेळी वर आला असणार.

मी रडले नाही. पण समोरच्या दुकानाच्या पायरीवर मला बसावं लागलं.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तू हसशील. महिन्याभरापूर्वी वाचनालयाची मंडळी घरी आली होती. "बाई, टॉकीजचा इतिहास लिहून द्या. आता ती पाडणार आहेत, तर स्मरणिका काढायची आहे." गावात जुनं माणूस आणि शुद्ध लिहिणारं माणूस आता एकच उरलं आहे म्हणे. मी चार पानं लिहिली. आधी तंबू होता, तो उन्हाळ्यात लागायचा आणि पाऊस आला की उठायचा. मग शेठनी पत्र्याची शेड घातली. पुढे धरणाचं काम निघालं, गावात माणूस मावेना, तेव्हा दगडी भिंती आल्या, बाल्कनी आली, कार्बनच्या कांड्यांवर चालणारं मशीन आलं. एसटीच्या टपावरून पिक्चरची पेटी यायची, आणि पेटी चुकली की शेठ मागच्याच आठवड्याचं पिक्चर पुन्हा लावायचे. लोक तेही पुन्हा बघायचे! गावात टॉकीज एकच. त्यामुळे दारावर रंगवलेलं तिचं नाव कोणी कधी घेतलंच नाही.

आणि तुझ्याबद्दल काय लिहिलं, ठाऊक आहे? एक वाक्य. "स्त्रियांच्या सोयीसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार असून तेथे एका महिलेची नेमणूक करण्यात आली होती."

एका महिलेची! माझ्याच हातानं लिहिलं हे! इतिहासात घरचं माणूस घुसडू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं कारण वेगळं होतं. तुझं नाव लिहिलं असतं, तर तू तिथं काय करायचीस ते लिहावं लागलं असतं. ते लिहिलं असतं, तर ते बंद कसं पडलं, तेही लिहावं लागलं असतं.

तू जनान्याच्या दारावर कशी आलीस, ते मी दादांकडून ऐकलं. शेठनी भिंत घातली, पडदा लावला, तरी बायका येईनात. दारावर पुरुष उभा. त्याला तिकीट कोण दाखवणार? त्याच साली तुझ्या नवऱ्यानं दुसरी करून तुला माहेरी आणून सोडलं होतं. तू आमच्या गिरणीत दळण घ्यायचीस. शेठ दळणाच्या निमित्तानं आले आणि दादांना म्हणाले, "तुमची बहीण दारावर बसवता का?" आजी महिनाभर दादांशी बोलली नाही. टॉकीजच्या दारात पोरगी बसवायची! तू मात्र दुसऱ्याच दिवशी बॅटरी हातात घेऊन स्टुलावर जाऊन बसलीस.

बायका यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी तीनच्या खेळाला तर जनाना गच्च भरायचा. भाजीची रिकामी पाटी उशाला, कडेवर पोर, पदरात शेंगा. ऊसतोडणीच्या हंगामात साखर कारखान्यावर आलेल्या आष्टी-कड्याकडच्या बायकाही सुट्टीच्या दिवशी यायच्या. हिंदी कळायची ती बाजारात बोलण्यापुरती. पडद्यावरची माणसं भलतंच जड बोलायची. मग एखादी विचारायची, "काय म्हणायली गं हौसाआक्का ती?"

आणि तू सांगायचीस!

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून तुझ्या स्टुलाला टेकून बसलेली आहे. मला आठवतं, पडदा समोर असायचा आणि अर्ध्या बायकांची तोंडं तुझ्याकडे असायची. पडद्यावर हिरॉईन सासूपुढे मान खाली घालून उभी राहिली, की तू म्हणायचीस, "हिसाब करायली मनातल्या मनात. सोडायची न्हाई म्हातारीला." ती विहिरीकडे धावली, की "पाणी आणाया चाललीय, भिऊ नका." शेवटी मेलीच, तर "मेली न्हाई, चक्कर आलीय. दिवे लागले म्हणून पुढचं दाखवलं न्हाई." बायका डोळे पुसायच्या आणि निश्चिंत होऊन पाट्या उचलायच्या.

तुला खरंच कळत नव्हतं का गं? की सगळं कळत होतं? मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एकदा टाकरवणचा एक शेतकरी तिकिटाच्या खिडकीवर भांडायला आला होता. "काय बे, एका तिकिटात दोन पिच्चर दाखवता का तुमी? माझी बायको म्हणती, शेवटाला नवऱ्यानं माफी मागितली. मी सोता बघितलं, बाईनं मागितली! गाडीत बसल्यापासून डोकं खायली माझं!" तिकीटवाला म्हणाला, "तुमचं तिकीट पुरुषांचं होतं ना? मग तुमाला पुरुषांचं दिसलं." सगळा चौक हसला. तू पदर तोंडावर धरून हसत होतीस. तुझं तसं हसणं मी नंतर पाहिलं नाही.

मला कॉलेजात घालायचं तूच लावून धरलंस. दादा म्हणत होते, मॅट्रिक पुरे झालं. तू म्हणालीस, "तिला अंबाजोगाईला धाडा. आपल्या घरात एकीला तरी खरं काय लिवलंय ते वाचता येऊ द्या." मी गेले. हिंदी हाच विषय घेतला. कशामुळे घेतला असेल? तुझ्या स्टुलापाशी बसूनच ती गोडी लागली. हेही मी तुला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले होते. वर्गात पहिली आले होते, नाक वर होतं. बाजाराचा दिवस होता. तू माझ्यासाठी स्टुलाशेजारी पोतं अंथरलंस आणि शेजारणीला सांगितलंस, "माझी इमल. कालेजात हाय." मी लगेच म्हटलं, "इमल नाही आत्या. विमल. वि." तू म्हणालीस, "हाव, तेच की."

पिक्चरमध्ये तो प्रसंग आला. नवऱ्यानं सगळ्या घरासमोर बायकोला दोष दिला आणि ती वाकून त्याच्या पायाशी बसली. कोणीतरी हळूच विचारलं, "पाया पडायली का गं?"

तू म्हणालीस, "पाया कशाला पडती! त्येच्या पायात काटा मोडलाय. काढायली ती काटा."

हशा उसळला! मोडलेला काटा काढणं वेगळं आणि एखाद्याचा काटा काढणं वेगळं, हे कुठल्या बाईला समजावून सांगावं लागतं? "काढ माय, मुळासकट काढ!" असं मागून कोणीतरी ओरडलं.

आणि मी बोलले. मोठ्यानं बोलले. वर्गात उत्तर द्यावं तशी उभी राहून. "आत्या, काटाबिटा काही नाही. ती माफी मागते आहे. 'मेरी खता माफ कर दीजिए' असं म्हणाली ती. खता म्हणजे चूक."

"खत?" एका बाईनं विचारलं.

"खता! चूक! तिनं चूक कबूल केली."

भिंत खांद्याएवढीच होती, आत्या. पलीकडे सगळं ऐकू गेलं. पुरुषांच्या बाजूनं एक जण ओरडला, "ऐका! शिकलेली पोरगी खरं सांगायली! हौसाबाई, इतके दिवस आमच्या बायका बिघडवल्यास व्हय!" मग शिट्ट्या, टाळ्या. मला वाटलं, त्या टाळ्या माझ्यासाठी आहेत.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं पाहिलं नाहीस. रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "आसंल बाई. मला कुठं वाचाया येतं." आणि पडद्याकडे तोंड केलंस. पुढचं सबंध पिक्चर तू एक शब्द बोलली नाहीस.

मी सुट्टी संपल्यावर निघून गेले. तू त्यानंतर टॉकीज बंद पडेपर्यंत दारावर बसलीस. तिकिटं फाडलीस, बॅटरीनं जागा दाखवल्यास. पण कोणी "काय म्हणायली गं ती?" असं विचारलं, की तुझं एकच उत्तर असायचं, "इमल आली की तिला इचारा. ती शिकलेली हाय." हे मला फार वर्षांनी गिरणीवर आलेल्या एका बाईनं सांगितलं. तिला ती तुझी थोरवी वाटत होती. मी तिथून उठले.

आत्या, तू मला एक थोबाडीत का नाही मारलीस? तुझा हक्क होता. घरी येऊन दादांसमोर झापायचं होतंस. त्या दिवशी घरी आल्यावर तू माझ्या ताटात गरम भाकरी वाढलीस आणि विचारलंस, "ठेचा देऊ?" अशी शिक्षा असते का कुठे? मुकाट्यानं गप्प बसलीस आणि चाळीस वर्षं गप्प राहिलीस! हट्टी तूही काही कमी नव्हतीस.

मी पुढे शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले. चुका दुरुस्त करणं हाच माझा धंदा. पोरांच्या वह्या, मास्तरांचे अर्ज, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्यासुद्धा! लोक घाबरायचे. दादा गेल्यावर मी तुला माझ्याकडे आणलं. तू पलंगावर बसून टीव्ही बघायचीस. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "काय चाललंय गं मालिकेत?" तू म्हणायचीस, "तूच येऊन बघ. मला नीट कळत न्हाई." ते खरं होतं का टोमणा होता? टोमणा असावा, असं मला अजून वाटतं. टोमणा असला तर बरं. म्हणजे तू आतून तशीच होतीस.

माफी मागायची माझ्या मनात किती वेळा आलं! शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. शेवटच्या आजारपणात, तुझे पाय चेपताना, मी तुझ्या पायाशीच बसलेली होते. एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार होती का? पण "उद्या बोलू" असं म्हणत राहिले. मग उद्या उरला नाही.

टॉकीजचंही तसंच झालं. टीव्ही आला, व्हिडिओ आला, घराघरावर डिश आली. शेठ गेले, मुलांनी कुलूप लावलं. पुढे कोणी ती भाड्यानं घेऊन खताचं गोदाम केलं. माझ्या खतेचं शेवटी खत झालं म्हणायचं! कित्येक वर्षं तिथून जाताना युरियाचा वास यायचा आणि मी पदर नाकाला लावून पलीकडच्या बाजूनं जायची. वास हे निमित्त होतं.

आता गुरुवारचं उरलेलं सांगते. त्यासाठीच हे पत्र आहे.

मी पायरीवर बसले होते, तिथं एक म्हातारी काठी टेकत येऊन बसली. नऊवारी, कपाळावर गोंदण, बोटांवर जुने व्रण. तिनं आपलं नाव कोंडाबाई सांगितलं. गाव कड्याजवळ, आता इथं लेकीकडे राहते. नवऱ्याबरोबर जोडीनं ऊसतोडीला यायची.

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तितं हौसाआक्का बसायची. ती सांगायची म्हणून पिच्चर कळायचा. तुमाला न्हाई ठाव."

मी तिच्याकडे वळून बसले.

"एक पिच्चर व्हता बाई, लागल्या लागल्या बगितला आमी. नवरा तिला सगळ्यांम्होरं बोलला. आन् ती वाकली. आमाला वाटलं पाया पडायली. तर न्हाई! त्येच्या पायातला काटा काढला तिनं, आन् उठून उभी ऱ्हायली."

माझ्या जिभेवर दुरुस्ती आली, आत्या. सवयच ती. मी ओठ दाबून धरले.

मग ती स्वतःचं सांगायला लागली. त्याच हंगामात कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीसमोर, काहीतरी बिनसलं. चूक नवऱ्याची होती. पण तो म्हणाला, सगळ्या टोळीसमोर माझ्या पाया पड, न्हाई तर चालती हो. टोळी जमली. मुकादम उभा. ही वाकली. "वाकताना डोळ्याला धार लागली व्हती बाई. आन् एकदम हौसाआक्का आठवली. मी त्येचा पाय हातात धरला आन् म्हणलं, बगू बरं, कुठं काटा मोडलाय तुमच्या? लई कुरकूर करायलात!"

"मग?"

"मग काय! आदी बाया हसल्या. मग मुकादम हसला. मग ह्योबी हसला. मी उठले आन् भाकरी टाकाया गेले. पुन्यांदा त्यानं मला कधी पाया पड म्हणलं न्हाई, मरेपरेंत." ती काठीवर हनुवटी ठेवून हसत होती. "आमच्या टोळीत म्हणच पडली ती. वाकायची येळ आली की बाया एकमेकीला म्हणायच्या, काटा बगून उट गं."

हे तुला कळलं होतं का? कोणी येऊन सांगितलं होतं का तुला? मला वाटत नाही. तू तर तेव्हा तोंड मिटून बसली होतीस.

कोंडाबाई पुढे म्हणाली, "पुढच्या हंगामाला आलो तं आक्का बोलंना. कोन एक शिकलेली पोरगी आलती म्हणं. तिनं आक्काचं तोंड बंद केलं. कोन व्हती कोन जाने, मुडदा बशिवला तिचा!"

मी म्हटलं, "मीच ती. हौसाआत्याची भाची."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिवी दिल्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग तिनं मला कोपरानं ढोसलं. "आसं? मंग तुमीच सांगा आता. शिकलेल्या हाव तुमी. त्या पिच्चरमदी खरं काय व्हतं? माफी का काटा?"

समोर जेसीबी त्या भिंतीपाशी आला होता. मला तो प्रसंग शब्दन् शब्द पाठ आहे. वाक्य पाठ आहे, त्याचा अर्थ पाठ आहे.

मी म्हटलं, "काटा."

"मंग तवा कावून तसं म्हणलात?"

"चुकलं माझं."

"मंग आसं म्हणा की!" ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तू असताना चाळीस वर्षं जे जमलं नाही, ते त्या पायरीवर एका अनोळखी बाईपुढे दोन शब्दांत झालं. ते तुझ्यापुढे व्हायला हवं होतं.

भिंत पडताना फार आवाज झाला नाही. बुटकीच होती. धूळ खाली बसल्यावर मी जाऊन पाहिलं, डागाचा तुकडा मिळतो का. मिळाला नाही. सगळा चुना सारखाच पांढरा.

घरी आले आणि ती चार पानं फाडली. वाचनालयाला निरोप पाठवला, इतिहास मिळेल, पण थोडा वेळ लागेल. आता मी बाजाराच्या दिवशी वही घेऊन बसणार आहे. कोंडाबाईनं तिच्या ओळखीच्या दोघींना आणायचं कबूल केलं आहे. तुझ्या जनान्यातल्या जेवढ्या बायका हयात आहेत, त्यांच्या तोंडून तू सांगितलेली पिक्चरं लिहून घेणार आहे. जशी तू सांगितलीस तशी. विहिरीकडे धावलेली पाणी आणायला गेली होती, मेलेलीला चक्कर आली होती, आणि पायाशी वाकलेली काटा काढत होती. त्यांच्या तोंडात जे शब्द येतील तेच वहीत उतरतील. एक काना, एक मात्रा मी बदलणार नाही. लाल पेन मी घरी ठेवून जाईन, आत्या. शब्द देते. आणि पहिल्या पानावर तुझं नाव असेल, तुझं पूर्ण नाव.

लिहून झालं, की तुझ्या फोटोसमोर बसून सगळं मोठ्यानं वाचून दाखवीन. तू "बास? येवढंच?" म्हणेपर्यंत.

तुझी,
इमल